फाइल-प्रणालीतील बिघाड व त्यांची दुरुस्ती

संगणकाच्या डिस्कवर कोणती माहिती कोणत्या नावाखाली, कोणत्या जागी व किती विस्ताराने साठविली आहे, याचा हिशेब ठेवणाऱ्या परिचालन प्रणालीच्या भागास फाइल-प्रणाली म्हणतात. ह्या भागाच्या आज्ञावलीत दोष असल्यास, अथवा तिचे काम चालू असताना वीजपुरवठा खंडित झाल्यास, संगणक अवचित बंद पडतो किंवा साठविलेली माहिती विसंगत होते. अवचित बंद पडण्याच्या प्रकारास व्यवहारात ‘क्रॅश’ आणि आज्ञावलीतील दोषास ‘बग’ असे म्हणतात. अशा दोषांचा शोध व दुरुस्ती यांचा इतिहास सु. पाच दशकांचा आहे. बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू करणे एवढेच दुरुस्तीचे उद्दिष्ट नसून डिस्कवरील हिशेब खोटा ठरू न देणे हे तिचे खरे उद्दिष्ट होय, ही जाणीव ह्या इतिहासात क्रमाक्रमाने स्पष्ट होत गेलेली दिसते.

बिघाडाचे स्वरूप : डिस्कची जागा ठराविक आकाराच्या खंडांत विभागलेली असते. त्यांपैकी कोणते खंड वापरात आहेत व कोणते मोकळे आहेत, हे दाखविणारा एक तक्ता असतो. त्यास येथे वाटपपट म्हटले आहे. प्रत्येक फाइलीसाठी ‘आयनोड’ नावाची एक स्वतंत्र नोंद असते. फाइलीची लांबी, तिचे खंड कोठे आहेत, ती शेवटी केव्हा बदलली इ. तपशील तीत असतो. फाइलीतील प्रत्यक्ष मजकूर ह्या दोहोंपासून वेगळ्या जागी असतो.

उदा., भंडारा शहरानजीक कारधा येथे वैनगंगा नदीची पाणीपातळी मोजली जाते. तेथील धोक्याची पातळी २४५·५० मी. मानली जाते आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात नदीने ती ओलांडली होती. अशा पातळीच्या नोंदी संगणकातील एका फाइलीत दर तासाला लिहिल्या जात आहेत, असे समजू. नवी नोंद जुन्या खंडात मावत नसेल, तर डिस्कवर तीन ठिकाणी लेखन करावे लागते : वाटपपटात नवा खंड व्यापल्याची खूण करणे, आयनोडमध्ये त्या खंडाचा पत्ता व फाइलीची वाढलेली लांबी लिहिणे आणि त्या खंडात पातळीचा आकडा लिहिणे. ही तीन लेखने एकाच क्षणी होऊ शकत नाहीत. ती एकामागून एक होतात. त्यांच्या मधल्या काळात वीज गेली म्हणजे बिघाड उद्भवतो.

केवळ मजकूर लिहिला गेला असल्यास नवी नोंद हरवते; परंतु फाइल पूर्वीसारखीच सुसंगत राहते. केवळ वाटपपट बदलला गेल्यास एक खंड विनाकारण अडून राहतो. याउलट केवळ आयनोड लिहिला गेल्यास परिणाम गंभीर होतो. नव्या नोंदीच्या जागी त्या खंडात पूर्वी असलेला कोणताही जुना मजकूर दिसू लागतो. शिवाय वाटपपटाच्या लेखी तो खंड मोकळाच असल्याने पुढे तो दुसऱ्या फाइलीस दिला जातो आणि दोन फाइली एकमेकींचा मजकूर पुसू लागतात. पूरकाळात एका तासाची नोंद नसल्याचे वाचणाऱ्याच्या लक्षात येते. मागील वर्षीचा आकडा आजचा म्हणून दिसल्यास ते लक्षात येत नाही. हरवलेली नोंद आणि खोटी नोंद यांतील हा भेद ह्या विषयाच्या मुळाशी आहे.

बंद पडणे व बिघडणे : आज्ञावली लिहिताना काही गोष्टी नेहमीच खऱ्या असाव्यात असे गृहीत धरलेले असते. एकच खंड दोन फाइलींना दिलेला नसणे, हे त्याचे उदाहरण होय. हे गृहीत मोडल्याचे आढळताच काम तेथेच थांबवावे, अशा तपासण्या आज्ञावलीत मुद्दाम घातलेल्या असतात. त्यामुळे संगणक बंद पडतो. तथापि पुढील चुकीचे लेखन टळते. म्हणजेच बंद पडणे हा कित्येकदा रोग नसून रोगाचे लक्षण असते, तर काही वेळा तो संरक्षणाचाच उपाय असतो. तपासणी काढून टाकली की क्रॅश थांबतो आणि तक्रारही थांबते, परंतु नासाडी मात्र निमूटपणे चालू राहते. सर्वच संगणक थांबविणे हाही टोकाचा उपाय असल्याने मधला मार्ग काढण्यात आला. लिनक्स परिचालन प्रणालीतील ‘एक्स्ट’ कुलातील फाइल-प्रणालींत विसंगती आढळल्यास काम तसेच चालू ठेवणे, फाइल-प्रणाली केवळ वाचनापुरती खुली ठेवणे किंवा संपूर्ण संगणक थांबविणे, असे तीन पर्याय वापरणाऱ्यास दिलेले असतात. त्यांपैकी दुसऱ्या पर्यायात नवीन नासाडी टळते व जुनी माहिती वाचून अन्यत्र उतरवून घेता येते.

प्रारंभीचा काळ : केन टॉमसन व डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या युनिक्स परिचालन प्रणालीत फाइल-प्रणालीची आयनोडवर आधारलेली मांडणी रूढ झाली. संगणक अवचित बंद पडल्यास डिस्कवरील विसंगती शोधण्यासाठी तीत ‘आयचेक’ व ‘डीचेक’ ह्या स्वतंत्र आज्ञावली होत्या. त्या प्रामुख्याने दोष दाखवीत. दुरुस्ती करणाऱ्यास फाइल-प्रणालीच्या रचनेचे चांगले ज्ञान असणे आवश्यक असे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेड कोवाल्स्की यांनी ‘एफएससीके’ ही आज्ञावली तयार केली. ती संपूर्ण डिस्क पाहून वाटपपट, आयनोड व निर्देशिका यांचा परस्परांशी ताळा घेई आणि विसंगती दूर करी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मार्शल कर्क मॅक्क्यूसिक यांनी तीत पुढे सुधारणा केल्या. त्यांच्याच ‘जलद फाइल-प्रणाली’त (१९८३) महत्त्वाची लेखने ठरलेल्या क्रमाने व प्रत्यक्ष डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबून केली जात. त्यामुळे विसंगती झाली तरी ती दुरुस्त होण्याजोगीच राही.

ह्या पद्धतीत दोन उणिवा होत्या. प्रत्येक लेखनासाठी थांबावे लागत असल्याने काम मंदावे. शिवाय डिस्क जसजशा मोठ्या झाल्या तसतसा संपूर्ण तपासणीस लागणारा वेळ वाढत गेला. काही मिनिटांच्या कामास पुढे तासन् तास लागू लागले आणि तोवर संगणक वापरता येत नसे.

रोजकीर्दीची पद्धत : ह्यावरील उपाय हिशेबनीसांच्या जुन्या रीतीशी जुळणारा आहे. पेढीवर कोणताही व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहितात व मागाहून तो खतावणीत संबंधित खात्यांवर मांडतात. खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा पूर्ण करता येते. फाइल-प्रणालीतही हेच तत्त्व वापरतात. करावयाचे सर्व बदल प्रथम डिस्कच्या एका राखीव भागात क्रमाने लिहितात. ह्या भागास ‘जर्नल’ म्हणतात. सर्व बदल लिहून झाल्यावर शेवटी व्यवहार पूर्ण झाल्याची पक्की खूण करतात आणि त्यानंतरच ते बदल मूळ जागी नेतात. मध्येच संगणक बंद पडल्यास पुन्हा सुरू होताना केवळ जर्नल वाचले जाते. पक्की खूण असलेले व्यवहार पुन्हा मूळ जागी उतरविले जातात व खूण नसलेले सोडून दिले जातात. तपासणीचा वेळ अशा रीतीने डिस्कच्या आकारावर अवलंबून न राहता जर्नलच्या आकारावर अवलंबून राहतो.

हे तत्त्व प्रथम माहितीसंचांच्या क्षेत्रात, विशेषतः जिम ग्रे प्रभृतींनी आयबीएम कंपनीत केलेल्या संशोधनातून, विकसित झाले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट हॅगमन यांनी १९८७ मध्ये ते ‘सीडर’ फाइल-प्रणालीस लागू केले. आयबीएमची ‘जेएफएस’ (१९९०), व्हेरिटास कंपनीची ‘व्हीएक्सएफएस’ (१९९१), मायक्रोसॉफ्टची ‘एनटीएफएस’ (१९९३) व सिलिकॉन ग्राफिक्सची ‘एक्सएफएस’ (१९९४) ह्या याच परंपरेतील फाइल-प्रणाली होत. त्यांपैकी व्हीएक्सएफएसच्या विकसनाचे काम पुढे व्हेरिटासच्या पुणे येथील केंद्रातही झाले. लिनक्समध्ये प्रचलित असलेल्या ‘एक्स्ट-२’ (१९९३) ह्या फाइल-प्रणालीस जर्नल जोडण्याचा आराखडा स्टीव्हन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये मांडला. त्यातून ‘एक्स्ट-३’ तयार झाली.

जर्नलला पर्यायी मार्गही निघाले. ग्रेगरी गँजर व येल पॅट यांनी १९९४ मध्ये लेखनांचे परस्परावलंबन स्मृतीतच नोंदवून त्यानुसार क्रम राखण्याची पद्धत सुचविली. ती फ्रीबीएसडीमध्ये वापरात आली. सन कंपनीची ‘झेडएफएस’ (२००५) व लिनक्समधील ‘बीटीआरएफएस’ (२००९) यांत जुन्या खंडावर कधीच न लिहिता बदललेली प्रत नव्या जागी लिहितात आणि सर्व काही पूर्ण झाल्यावरच मुख्य निर्देश बदलतात. ह्या सर्व पद्धती लेखनाचा क्रम काटेकोरपणे पाळण्यावर अवलंबून आहेत. त्यामुळे बहुतेक गंभीर दोष क्रमभंगाच्या रूपानेच प्रकट होतात. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

२००१ मधील दोष : लिनक्सच्या गाभ्याची २.४.१५ ही आवृत्ती २३ नोव्हेंबर २००१ रोजी प्रसृत झाली. एक्स्ट-३ हिचा अधिकृत समावेश याच आवृत्तीत झाला होता. मात्र थोड्याच वेळात असे आढळले की, संगणक रीतसर बंद करताना म्हणजे फाइल-प्रणाली विलग करताना माहिती बिघडत आहे. हा दोष एक्स्ट-३ मध्ये नसून सर्व फाइल-प्रणालींना समाईक असलेल्या वरच्या थरात होता. वापर संपलेले आयनोड स्मृतीतून काढून टाकण्याच्या कामात एक बदल करण्यात आला होता. त्यामुळे विलग करण्याच्या वेळी काही बदललेले आयनोड डिस्कवर न लिहिताच टाकून दिले जात. अल व्हिरो यांनी सुचविलेल्या दुरुस्तीत आयनोड सोडण्यापूर्वी तो डिस्कवर लिहिण्याची पायरी घालण्यात आली. ही दुरुस्ती काही ओळींचीच होती. २६ नोव्हेंबर रोजी २.४.१६ ही दुरुस्त आवृत्ती प्रसृत झाली. ह्या दोषामुळे संगणक कोठेही अडखळत नसे. म्हणूनच तो अधिक धोक्याचा होता.

२००९ मधील वाद : एक्स्ट-३ ची पुढील पिढी ‘एक्स्ट-४’ ही डिसेंबर २००८ मधील २.६.२८ ह्या आवृत्तीत स्थिर म्हणून स्वीकारण्यात आली. तीत मजकुरासाठी खंड नेमण्याचे काम शक्य तितके लांबणीवर टाकून वेग वाढविण्यात आला होता. २००९ च्या प्रारंभी वापरणाऱ्यांना असे आढळले की, संगणक अवचित बंद पडल्यानंतर अनेक फाइली नावापुरत्या उरतात व त्यांची लांबी शून्य होते. अनेक आज्ञावली नवा मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहून मग तिला जुन्या फाइलीचे नाव देत असत. नव्या पद्धतीत नामांतर आधी आणि मजकूर मागाहून डिस्कवर जाई. आंतरराष्ट्रीय मानकानुसार मजकूर डिस्कवर पोहोचल्याची हमी हवी असल्यास आज्ञावलीने ती स्पष्टपणे मागितली पाहिजे. म्हणून फाइल-प्रणालीत तांत्रिक अर्थाने दोष नव्हता. तथापि एक्स्ट-३ वर वर्षानुवर्षे हेच काम सुरळीत चालत आले होते. एक्स्ट-४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांनी नियमाची बाजू मांडली. त्याबरोबरच अशा नामांतरापूर्वी मजकूर डिस्कवर पाठविण्याची तजवीजही केली आणि ती २.६.३० ह्या आवृत्तीत समाविष्ट झाली. लिखित नियम आणि रूढ झालेली अपेक्षा यांपैकी फाइल-प्रणालीस कोणती बांधील असते, हा प्रश्न ह्या निमित्ताने ऐरणीवर आला.

२०१२ मधील शोध : जर्नल स्वतःच अर्धवट लिहिले गेले असल्यास ते ओळखता यावे, म्हणून प्रत्येक व्यवहाराबरोबर त्याची पडताळा-बेरीज लिहिण्याची कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठातील विजयन प्रभाकरन प्रभृतींनी २००५ मध्ये मांडली. एक्स्ट-४ साठी ती गिरीश शिलमकर, अँड्रियास डिल्गर इत्यादींच्या कामातून प्रत्यक्षात आली व २००८ मधील २.६.२५ ह्या आवृत्तीत ऐच्छिक सोय म्हणून दाखल झाली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये एका वापरकर्त्याने आपली एक्स्ट-४ फाइल-प्रणाली वारंवार बिघडत असल्याचे कळविले. नुकत्याच झालेल्या एका बदलावर प्रथम संशय घेण्यात आला आणि ही वार्ता सर्वत्र पसरली. परंतु तो संशय निराधार ठरला. तक्रार करणाऱ्याच्या संगणकावर पडताळा-बेरजेची ऐच्छिक सोय चालू होती व संगणक बंद करण्याची त्याची रीतही नेहमीपेक्षा वेगळी होती. ही परिस्थिती मुद्दाम पुन्हा घडवून आणल्यावर एरिक सँडीन यांना मूळ कारण सापडले. नवी फाइल निर्माण करताना आयनोडांच्या वाटपपटात बदल केला जाई व त्यानंतर जर्नलकडे त्या बदलाची परवानगी मागितली जाई. क्वचित प्रसंगी बेरीज मांडून झाल्यावर त्याच पानावर खाडाखोड होई आणि पुढे जर्नल वाचताना बेरीज जुळत नसे. न जुळणाऱ्या जर्नलचे वाचन अर्ध्यावर सुटल्याने फाइल-प्रणाली विसंगत राही. दुरुस्ती अगदी लहान होती : आधी परवानगी, मग बदल, असा क्रम पूर्ववत करण्यात आला.

येथे पडताळा-बेरीज बंद करूनही तक्रार थांबली असती. मात्र व्यवहाराबाहेर होणारा बदल त्यामुळे थांबला नसता; केवळ तो दाखविणारा पहारेकरी नाहीसा झाला असता. जो दोष बहुसंख्य वापरकर्त्यांना कधीच दिसला नाही, तो ऐच्छिक तपासणी चालू ठेवणाऱ्या एकामुळे उघडकीस आला.

दुरुस्तीची पद्धत : अशा अनुभवांतून दुरुस्तीच्या कामास एक शिस्त आली. पहिली पायरी म्हणजे दोष हुकमी पुन्हा घडवून आणणे. जो दोष पुन्हा घडविता येत नाही, तो दूर झाला हेही सिद्ध करता येत नाही. दुसरी पायरी म्हणजे दोष केव्हा शिरला ते शोधणे. एक निर्दोष व एक सदोष अशा दोन आवृत्त्यांमधील बदलांची यादी वारंवार अर्धी करीत गेल्यास हजार बदलांतून सु. दहा चाचण्यांत अपराधी बदल हाती लागतो. २००५ पासून लिनक्ससाठी वापरात असलेल्या ‘गिट’ ह्या साधनात तशी सोय आहे. तिसरी पायरी म्हणजे कोणते गृहीत मोडले हे शब्दांत मांडणे. ह्या पायरीवाचून केलेली दुरुस्ती बहुधा लक्षणापुरतीच राहते. अखेरीस त्या दोषाची चाचणी कायमच्या चाचणीसंचात घालतात, म्हणजे पुढील बदलांबरोबर तोच दोष परत आल्यास लगेच कळतो. मुळात एक्सएफएससाठी तयार झालेला असा एक संच आता लिनक्समधील इतर फाइल-प्रणालींसाठीही वापरतात.

आज्ञावली निर्दोष असली तरी डिस्कची साथ लागते. वेग वाढविण्यासाठी डिस्क स्वतःच्या अंतर्गत स्मृतीत लेखने साठविते व त्यांचा क्रम बदलते. म्हणून ‘येथवरचे सर्व प्रथम पक्के करा’ अशी आज्ञा फाइल-प्रणाली डिस्कला देते. ही आज्ञा न पाळता ‘झाले’ असे उत्तर देणाऱ्या डिस्कवर कोणतेही जर्नल पूर्णतः विश्वसनीय ठरत नाही.

दोषांचा पूर्वशोध : दोष अंगलट येण्याची वाट न पाहता तो आधीच शोधण्याचे प्रयत्न २००० नंतर वाढले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जुनफेंग यांग, डॉसन एंगलर प्रभृतींनी २००४ मध्ये सर्व संभाव्य अवस्था पद्धतशीरपणे तपासणारे साधन एक्स्ट-३, जेएफएस व रायझरएफएस यांवर चालविले आणि ३२ गंभीर दोष दाखविले. विस्कॉन्सिन विद्यापीठात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिनक्समधील सहा फाइल-प्रणालींत आठ वर्षांत झालेले ५,०७९ बदल तपासण्यात आले. जुन्या व स्थिरावलेल्या फाइल-प्रणालींतही दोष-दुरुस्तीचा ओघ आटत नाही, असे त्यातून दिसून आले. २०१५ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत ‘एफएससीक्यू’ ही छोटी फाइल-प्रणाली तयार करण्यात आली. कोणत्याही क्षणी वीज गेली तरी ती सुसंगत राहते, हे तिच्या बाबतीत गणिती सिद्धतेने दाखविले आहे. २०१८ मध्ये टेक्सस विद्यापीठातील विजय चिदंबरम यांच्या गटाने लहान लहान क्रियांचे असंख्य क्रम तयार करून प्रत्येकानंतर कृत्रिम क्रॅश घडविला. ह्या चाचण्यांत प्रचलित फाइल-प्रणालींतील पूर्वी अज्ञात असलेले दहा दोष सापडले. त्यांपैकी काहींची सुरुवात दोन-तीन साध्या क्रियांतूनच होत होती.

महत्त्व : जमिनीचे सातबारा उतारे, बँकांची खाती, रुग्णालयांतील नोंदी, धरणांतील साठे व नद्यांच्या पातळ्या ह्या सर्वांचे दप्तर आता बहुतांशी फाइलींच्या रूपात असते. कागदी दप्तरात खाडाखोड दिसते आणि फाटलेले पान कळते. डिस्कवरील दप्तरात चुकीचा आकडाही खऱ्या आकड्याइतकाच स्वच्छ दिसतो. म्हणून संगणक किती वेळा बंद पडला, यापेक्षा पुन्हा सुरू झाल्यावर त्याने दाखविलेली नोंद खरी आहे की नाही, ही फाइल-प्रणालीची अधिक योग्य कसोटी होय. वर उल्लेखिलेल्या दुरुस्त्यांतील कित्येक अवघ्या काही ओळींच्या होत्या. परंतु कोणती नोंद आधी व कोणती मागाहून, हे नेमके ठरविण्यासाठी दुरुस्ती करणाऱ्यांना दीर्घ शोध घ्यावा लागला. नव्या साधनांमुळे तो शोध सुकर झाला असला, तरी त्याची गरज संपलेली नाही.